अकरा राशींचं छत

माझ्या बाबांना बारापर्यंत मोजता येत नाही, हे आमच्या शहरातल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. त्यांचं नावच 'अकरा' पडलं आहे. तोंडावर कोणी म्हणत नाही, तेवढी लाज लोकांनी राखली आहे, पण न्हाव्याच्या दुकानावरून ते काठी टेकत निघाले की आतून कोणीतरी विचारतं, "किती वाजले रे?" आणि बाकीचे एका सुरात अकरा वाजल्याचं सांगतात. सकाळचे आठ असोत की संध्याकाळचे सहा, उत्तर ठरलेलं. अडतीस वर्षं हाच विनोद चालू आहे. इतक्या वर्षांत या लोकांना दुसरा विनोद सुचला नाही, यातच सगळं आलं.

आमच्या न्यायालयाच्या मधल्या दालनाला उभं चिरून पालथं घातलेल्या पिंपासारखं गोल छत आहे. त्यावर निळ्या रंगात, या टोकापासून त्या टोकापर्यंत, राशींचा पट्टा रंगवलेला आहे. मेंढ्यापासून माशांपर्यंत. इमारत बांधणाऱ्याने एक शहाणपणा केला होता. रंगारी येण्याआधीच त्याने आकाशाचा नकाशा आणून, जिथे जिथे तारा तिथे तिथे पितळी डोक्याचा खिळा ठोकून घेतला. त्यामुळे रंगाऱ्याने मनाला येईल तसं चित्र काढायचं नाही, खिळ्यांना धरून काढायचं. आधी खिळे, मग चित्र. खाली लाकडी बाकं आहेत. आपला पुकारा होईपर्यंत लोक त्या बाकांवर बसतात आणि वर बघतात, कारण दुसरं करण्यासारखं तिथे काही नसतं.

माझी आत्या, बाबांची थोरली बहीण, त्या बाकांवर नऊ वर्षं बसली. ती कपडे शिवायची. नवरा गेल्यावर दिराने तिच्या दोन खोल्यांवर दावा लावला आणि ती तारखांना जाऊ लागली. जाताना हातात काजं करायचं काम न्यायची. नवव्या वर्षी निकाल विरुद्ध गेला, कारण तिचा मुख्य कागद न्यायालयाच्याच कपाटात हरवला होता. मग ती आमच्याकडे आली, दोन वर्षं खिडकीशी बसून शिवत राहिली आणि गेली. शिवून शिवून तिची नजर अधू झाली, असं घरात सगळे म्हणत. तिचं शिवणयंत्र अजून आमच्याकडे आहे.

आत्या आमच्याकडे आली त्याच सुमारास बाबांना छताचं काम मिळालं. दिव्यांच्या आणि शेगड्यांच्या धुराने छत इतकं काळं झालं होतं की सिंह आहे की म्हैस, ते सांगता येत नव्हतं. बाबांनी पाच महिने उताणं पडून ते धुतलं आणि पुन्हा रंगवलं. पडदा काढला त्या दिवशी मुख्य न्यायाधीशांनी बोट वर करून राशी मोजल्या. अकरा भरल्या. कन्येनंतर एकदम विंचू. तूळ नाहीच. तुळेच्या जागेत विंचवाच्या दोन नांग्या लांबच लांब पसरलेल्या. न्यायाधीश भरल्या दालनात म्हणाले, "या रंगाऱ्याला बारापर्यंत मोजता येत नाही वाटतं." न्यायाधीशांनी विनोद केला की हसायचं, अशी तिथली रीत. पट्टेवाले हसले, कारकून हसले, वकील तर पोट धरून हसले. दाराजवळच्या संगमरवरी पाटीवर इमारतीच्या कारागिरांची नावं कोरलेली आहेत. त्यातलं बाबांचं नाव दुसऱ्याच दिवशी छिन्नीने उडवलं. तिथे अजून एक खडबडीत पट्टा दिसतो.

नांग्यांवर तराजू काढायला त्यांनी कोणाला बोलावलं, तर दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्याला. आयुष्यभर 'उधार मागू नये' लिहून लिहून त्याचा हात सरळ रेषेला बसलेला. त्याने असा तराजू काढला की त्यात खुशाल कांदे मोजावेत. दांडी सरळ, पारडी समान, साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या. साहेबलोक खूश झाले. पुढे तोच तराजू न्यायालयाच्या कागदांवर छापला गेला, शिक्क्यावर आला, पट्टेवाल्यांच्या पट्ट्यावरही चढला. आणि बाबांना त्यानंतर कुंपणाच्या भिंती आणि संडासाची दारं सोडून कोणी काही रंगवायला दिलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. शाळेत मला 'साडेपाच' म्हणत, अकराचं अर्धं म्हणून. मी रडत घरी आले की बाबा कागद घेऊन बसायचे आणि शिसपेन्सिलीने विंचू काढायचे.

"हे बघ," ते म्हणायचे, "तराजू मागाहून आला. ग्रीक लोकांच्या आकाशात तिथे तराजू नव्हताच. त्यांचा विंचू इतका मोठा की एका राशीत मावेना. धड एका घरात आणि नांग्या शेजारच्या घरात."

"एवढा मोठा कशाला?"

"एक शिकारी होता. पृथ्वीवरचं एकूणएक जनावर मारून दाखवीन म्हणाला. पृथ्वीला राग आला, तिने हा विंचू पाठवला. त्याने शिकाऱ्याला संपवला. मग दोघांना आकाशात ठेवलं, पण दोन टोकांना. विंचू उगवला की शिकारी मावळतो. अजून घाबरून आहे."

"मग नांग्या कोणी कापल्या?"

"रोमच्या लोकांनी. काही म्हणतात, बादशहाची खुशामत करणाऱ्यांनी विंचवाला सांगितलं, नांग्या आत घे, मालकांना बसायला जागा हवी. पण अरबांनी तिथल्या दोन ताऱ्यांना जी नावं दिली, त्यांचा अर्थ बघ. एक दक्षिणेची नांगी, एक उत्तरेची नांगी. नांग्या गेल्या, नावं राहिली."

हे ऐकून माझं रडं थांबायचं आणि त्या जागी राग यायचा. आमचं सगळं शहर अडाणी आणि माझे बाबा तेवढे जाणते, हे मी दहाव्या वर्षी ठरवून टाकलं आणि पुढे त्यात काही बदल करायची गरज मला वाटली नाही. छताचं कामही मी त्या रागातूनच शिकले. दुसऱ्या शहरांत जाऊन नाट्यगृहांची छतं धुतली, ग्रंथालयांची धुतली, एका पैसेवाल्याच्या न्हाणीघराचंही धुतलं. वाट मात्र एकाच छताची बघत होते. पाटीवाल्याच्या तराजूखाली बाबांच्या नांग्या असणार, आणि त्या नांग्यांखाली पहिल्या रंगाऱ्याच्या नांग्या असणार. पुष्कळ म्हातारी माणसं सांगायची, "अगं, पहिल्यापासून तराजूच होता तिथे, आम्ही बघितलाय." मी नाक मुरडायचे. काजळीत त्यांना काय दिसलं असणार?

यंदा छताला भेगा पडल्या, आणि न्यायालयाने समिती नेमली. अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश. ते स्वतः तूळ राशीचे, आणि हे ते पहिल्या पाच मिनिटांत सांगतात, जणू ती पदवी आहे. मी मनातल्या मनात त्यांना समतोलसाहेब म्हणू लागले. या कामाला दुसरं कोणी जाणतं मिळालं असतं तर त्यांनी मला दारातही उभं केलं नसतं. पण मिळालं नाही.

सभेत त्यांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "तूळ म्हणजे समान दिवस आणि समान रात्र. सूर्य त्या राशीत आला की दोन्ही पारडी बरोबर. म्हणून तराजू. हे बाबिलोनच्या लोकांना तुमच्या ग्रीकांच्या आधीपासून माहीत होतं. तुमच्या वडिलांना नव्हतं."

बाबिलोनचं खरं होतं. ते मलाही माहीत होतं आणि मला त्याचा रागच यायचा. "सूर्य आता त्या दिवशी तिथे नसतो," मी म्हटलं. "दोन हजार वर्षांत सरकलाय. कन्येत असतो."

"सूर्य सरकला असेल. न्याय सरकत नाही," साहेब म्हणाले, आणि सभेतले इतर चौघे वहीत काहीतरी लिहिल्यासारखं करू लागले. "शेजारची कन्या ही न्यायाची देवी. तराजू तिचाच." ती देवी माणसांच्या वागण्याला विटून पृथ्वी सोडून गेली आणि मागे वळून बघितलं नाही, हा गोष्टीचा शेवट त्यांनी गाळला.

"बाबिलोन आणि ग्रीस राहू द्या," मी म्हटलं. "पहिल्या थरात काय आहे ते बघू. नांग्या निघाल्या तर?"

"तर तुमच्या वडिलांचं नाव पाटीवर पुन्हा कोरू. आणि तराजू निघाला तर?"

"तर मी तराजू रंगवीन."

"जसा निघेल तसा. तुमच्या घराण्याची कलाकुसर मला त्यात नको."

"जसा निघेल तसा."

साहेबांनी स्वतःच्या हाताने करारात कलम घातलं. मूळ थरात जे आणि जसे आढळेल ते आणि तसेच ठेवावे, कमी नाही, जास्त नाही. आम्ही दोघांनीही सही केली, आणि दोघेही मनात हसलो. एकाच कागदावर सही करून दोन माणसं इतकी खूश झालेली मी पुन्हा पाहिली नाहीत.

परांची बांधायला मामा आले. ते कोणाचे मामा हे कोणालाच माहीत नाही, पण शहरातली प्रत्येक उंच परांची त्यांनीच बांधलेली आहे आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू असतो. त्यांनी छताच्या हातभर खाली फळ्या टाकल्या. तिथे उताणं पडलं की नाकासमोर फक्त विंचवाचं एखादं पाऊल दिसतं. छताचं काम असंच असतं. वर असताना काय चाललंय ते कळत नाही. दर तासाला खाली उतरायचं, बाकावर बसायचं, वर बघायचं आणि पुन्हा चढायचं. ज्याला गुडघ्यांची काळजी आहे त्याने छताच्या वाटेला जाऊ नये.

पाटीवाल्याचा रंग दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. दुकानाच्या पाटीचाच रंग तो, छताला कधी धरलाच नव्हता. खाली बाबांच्या नांग्या निघाल्या. अडतीस वर्षं अंधारात राहूनही ताज्या. तांबूस काळ्या, आतल्या कडेला बारीक दात, आणि प्रत्येक दातावर उजेडाची एक रेघ. मी तिथेच पडल्या पडल्या रडले. मामा एकदाचे गप्प बसले.

शिवाय आणखी एक गोष्ट सापडली. दोन ठिकाणी गिलाव्यात भोकं बुजवलेली होती. पाटीवाल्याला दांडी सरळ हवी होती आणि दोन खिळे आडवे येत होते, तर त्याने पक्कड घेऊन ते उपटले आणि सोयीच्या जागी ठोकले. तारे हलवले त्या गृहस्थाने. आणि अडतीस वर्षांत त्या दालनात बसलेल्या एकाही विद्वानाने वर बघून विचारलं नाही की बाबा रे, हे असे कुठल्या आकाशात दिसतात. जुन्या भोकांवर बाबांच्या नांग्यांची टोकं अचूक येत होती. मी खाली उतरून समितीच्या कारकुनाला सांगितलं, पाटी कोरणाऱ्याला सांगून ठेवा.

आता फक्त मूळ थर दाखवायचा होता. आमच्यात याला खिडकी उघडणं म्हणतात. वरचा थर तळहाताएवढ्या चौकोनात काढायचा आणि खाली काय आहे ते बघायचं. म्हणजे बाबांना खरं ठरवायला बाबांचाच रंग खरवडायचा. माझा हात धजत नव्हता. दक्षिणेच्या नांगीच्या मधोमध मी सुरीचं टोक लावलं, ओल्या कापसाने पुसलं, पुन्हा लावलं. दुपारच्या चहापर्यंत चौकोन उघडा झाला.

आत नांगी नव्हती. एक गोल कड होती आणि तिच्यातून वर जाणाऱ्या तीन साखळ्या. पारडं होतं ते.

मी शेजारी दुसरी खिडकी उघडली. तिथे दांडीचं टोक.

म्हाताऱ्यांनी खरंच बघितलं होतं. आयुष्यभर मी ज्यांना अडाणी म्हणत होते त्या न्हाव्याला, त्या वकिलांना, शाळेतल्या त्या कार्ट्यांना सगळ्यांना ठाऊक होतं. फक्त मलाच ठाऊक नव्हतं. बाबांना खरंच बारापर्यंत मोजता येत नव्हतं.

मामांनी मान वाकडी करून खिडकीत बघितलं. मग खाली दालनात कोणी आहे का ते बघितलं. "दोन बोटं गिलावा लावतो," ते हळूच म्हणाले. "वर तुझी नांगी रंगव. साहेब यायला आठवडा आहे, आणि ते थोडेच खरवडून बघणार आहेत? नाव लागेल म्हाताऱ्याचं. किती दिवस राहिलेत त्याचे?"

"मामा, नका बोलू," मी म्हटलं. पण मी नाही म्हटलं नव्हतं, हे त्यांना कळलं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा आत्याच्या खिडकीशी बसून शेंगा सोलत होते. एक्क्याऐंशीव्या वर्षीही त्यांची बोटं चिमट्यासारखी चालतात. मी समोर बसले. कसं विचारावं ते सुचेना, म्हणून सरळच विचारलं.

"खाली तराजू आहे, बाबा."

"हो."

"हो म्हणजे?"

"आहेच. मी धुतला तेव्हा चांगला स्वच्छ निघाला होता." त्यांनी सालं बाजूला केली. "मला बारापर्यंत मोजता येतं गं."

मला त्यांच्या हातातलं ताट उडवून द्यावंसं वाटलं. "मग तुम्ही नांग्या का काढल्या?"

"ताई आठवते ना? नऊ वर्षं त्या बाकावर बसायची. दारापासून तिसरं बाक, भिंतीकडचं टोक. घरी आली की म्हणायची, वरचा तराजू वाकडा आहे रे. आम्ही हसायचो. म्हणायचो, शिवून शिवून डोळे गेले हिचे. तुझ्या आईने तर तिला चष्म्याला पण नेलं." त्यांनी दोन-तीन शेंगा सोलल्या. "तिचा निकाल लागला आणि मला छताचं काम मिळालं. काजळी धुतली. तराजू निघाला. खाली उतरून बघतो तर वाकडाच. एक पारडं हे असं खाली. काढणाऱ्याने मुद्दाम नव्हता काढला तसा. खिळेच तसे होते, ते तारे काही एका रेषेत नाहीत. त्याने जे आहे त्याला धरून काढलं."

"मग?"

"मग मोठे न्यायाधीशसाहेब बघायला आले. म्हणाले, हा सरळ करा. न्यायालयात वाकडा तराजू दिसला तर लोक काय म्हणतील? मी म्हटलं, खिळे आडवे येतात. ते म्हणाले, खिळे काढा." बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलले. "एरवी मी केला असता सरळ. पोट होतं, तू होतीस. पण ताई इथे, या खुर्चीत बसली होती तेव्हा. त्या महिन्यात मला तो सरळ करणं जमलं नाही. म्हटलं, वाकडा चालत नसेल तर यांना तराजूच नको. विंचू पुरे."

"आणि हे तुम्ही कोणाला सांगितलं नाहीत? अडतीस वर्षं?"

"सांगून काय होणार होतं? म्हणाले असते, वेडा आहे. त्यापेक्षा अडाणी परवडला. अडाणी माणसाला कुंपणं तरी रंगवायला देतात."

"मला तरी सांगायचंत." माझा आवाज चढला होता. "मी सगळ्या शहराशी भांडत होते तुमच्यासाठी. विंचू, शिकारी, अरब, सगळं पाठ करून."

बाबांनी हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाले, "ते बरं वाटायचं मला. माझ्या बाजूने कोणीतरी इतकं रागावतंय, ते मोडवेना."

मला त्यांचा भयंकर राग आला आणि त्याहून जास्त माया आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी उठून आत गेले आणि उगाच भांडी घासली. परत आले तेव्हा ताट रिकामं झालं होतं.

"मामा म्हणतात, गिलावा लावून झाकू," मी म्हटलं. "तुमचं नाव लागेल."

"आणि तराजू?"

"राहील आत."

"म्हणजे मोठ्या साहेबांनी सांगितलं ते मी केलं नाही, आणि तू न सांगता करणार," बाबा म्हणाले. "तो कसा होता ते लोकांना दिसू न देता मी झाकलं. तेवढंच माझं चुकलं. तू उघड."

"मग तुम्ही अकराच राहाल."

"सवय आहे."

आठवड्याने साहेब आले. गुडघ्यांची तक्रार करत, मामांचा खांदा धरून, शिडीने वर चढले. मी तोवर बाबांच्या दोन्ही नांग्या काढून टाकल्या होत्या. आधी त्यांचा खाका कागदावर उतरवून घेतला होता. तो माझ्याकडे आहे, कोणाला देणार नाही. मूळ तराजू कडेपासून कडेपर्यंत उघडा झाला होता, आणि पाटीवाल्याने उपटलेले दोन्ही खिळे मी त्यांच्या जुन्या भोकांत परत बसवले होते.

साहेब उताणे पडले. नाकासमोर हातभर अंतरावर पारडं बघून त्यांना झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकत नाही; सांगायची इच्छाही नाही.

"निघाला ना शेवटी?" ते म्हणाले. "मी काय म्हणत होतो? वडिलांना सांगा. वाईट वाटून घेऊ नका म्हणावं, प्रत्येकाची कुवत असते." मग त्यांनी तिथेच कारकुनाला तोंडी मजकूर सांगितला. मूळ थरात तराजू आढळला, समितीने तो समक्ष पाहिला, तो जसाच्या तसा कायम ठेवावा, यापुढे त्यात कोणीही फेरफार करू नये. शेवटचं वाक्य माझ्याकडे बघून.

"साहेब, छत खालून बघायचं असतं," मी म्हटलं. "एकदा खाली बसून बघा आणि मग सही करा."

"मला छत कसं बघायचं ते शिकवू नका," ते म्हणाले, आणि उताणे पडल्या पडल्याच सही केली. मामांना खोकला आला.

तीन आठवड्यांनी रंग पूर्ण झाला. मी एक रेघ कमी केली नाही, एक जास्त केली नाही. परांची उतरली, दालन उघडलं, समिती ओळीने आत आली आणि सगळ्यांनी माना वर केल्या. मेंढा, बैल, जुळे, खेकडा, सिंह, कन्या. त्यानंतर तराजू. दांडी तिरकी, एक पारडं वर चढलेलं, दुसरं सरळ खाली आलेलं, जणू कोणीतरी अंगठा दाबून धरलाय. काजळी नाही, धूळ नाही. शेवटच्या बाकावरच्या आंधळ्यालाही दिसावं इतकं स्वच्छ.

साहेबांचं तोंड उघडं राहिलं. "हा वाकडा आहे."

"हो," मी म्हटलं. "जसा निघाला तसा."

"पूर्वी सरळ होता."

"पूर्वी खिळे उपटलेले होते. कलम तुमचंच आहे, साहेब. शिवाय सहीसुद्धा."

त्यांनी कारकुनाकडे बघितलं. कारकुनाने फाइल उघडली, वाचली आणि हळूच मिटली. ठराव फिरवायचा तर नवी सभा बोलवावी लागणार होती, आणि त्या सभेच्या वहीत लिहावं लागणार होतं की न्यायालयाचा मूळ तराजू वाकडा आहे, तो सरळ दिसेल असं करावं. हे वाक्य स्वतःच्या हाताने लिहायला समितीतला एकही माणूस तयार होईना. दोन सभा झाल्या, दोन्हींत चहा झाला. तिसरी अजून व्हायची आहे.

पाटीवर बाबांचं नाव लागलं नाही. लागायचं कारणच नव्हतं, करारात मी हरले होते. तो खडबडीत पट्टा तसाच आहे.

दालन उघडलं त्यानंतरच्या बुधवारी दुपारी मी बाबांना घेऊन गेले. अडतीस वर्षांत त्यांनी त्या इमारतीचा उंबरा ओलांडला नव्हता. दालन भरलेलं होतं. एक पट्टेवाला दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "अकरा आला बघ," आणि दोघांनी दात काढले. बाबांनी लक्ष दिलं नाही. दारापासून तिसऱ्या बाकावर, भिंतीकडच्या टोकाला एक बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती जरा सरकली. बाबा बसले, काठी दोन्ही हातांनी धरली आणि मान वर केली.

मग काठीचं टोक वर करून ते मोठ्याने मोजू लागले. एक, दोन, तीन. पट्टेवाले बघू लागले. चार, पाच, सहा. शेजारच्या बाईनेही मान वर केली. सातव्याला बाबा थांबले. काठी हवेतच राहिली, आणि मला वाटलं, झालं, यांना पुढचं आठवत नाही आणि हे दोघे आता पुन्हा हसणार.

"काय हो," शेजारची बाई हळूच म्हणाली, "तो तराजू वाकडा आहे का? की माझेच डोळे?"

"तुमचे डोळे चांगले आहेत," बाबा म्हणाले. "ताईचे पण चांगले होते."

मग त्यांनी डोळे पुसले, काठी पुढच्या राशीकडे नेली आणि आठपासून बारापर्यंत मोजून पूर्ण केलं.